आजची फुलं, आजचे दात

कवळीमास्तरांच्या दुकानात पाऊल टाकलं की समोर अख्खी मंडळी बसलेली दिसायची. मंडळी म्हणजे चर्चची मंडळी, आणि बसलेली म्हणजे फळ्यांवर. अख्खी तरी कसली म्हणा, प्रत्येकाच्या वाट्याला नाकाखालची आणि हनुवटीवरची तेवढीच जागा. प्लास्टरचे पांढरे साचे भिंतभर ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेलं: 'ऑर्गनवाले, वरचे', 'डॉक्टरीणबाईंचे वडील, दोन्ही', 'पाळकसाहेब, खालचे'. गेल्या तीस वर्षांत ज्यानं ज्यानं दात गमावले, त्यानं त्यानं मास्तरांपुढे तोंड उघडलं होतं. मास्तर म्हणायचे, "रविवारी पाळकसाहेबांना मंडळीची मिटलेली तोंडं दिसतात. उघडी माझ्याकडे असतात."

कामाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी हिरडीचं माप, मग मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल, आणि ती मनासारखी झाली तरच पक्की कवळी. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, यातली एक पायरीसुद्धा मास्तर गाळत नसत. कुणी म्हणालं की मास्तर, तुमच्याकडे माझा जुना साचा आहे, त्यावरच करा की, तर ते भडकायचे. "हिरडी जिवंत असते, झिजते. पाच वर्षांपूर्वीच्या मापावर दात करायचे म्हणजे पाचवीतला शर्ट घालून नवरदेव उभा करायचा!"

एवढ्या सगळ्या साच्यांत एकच साचा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. त्याच्या बुडाशी लिहिलं होतं: 'मोठ्या बाई, वरचे'.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त हेडबाई. शाळा सुटली तरी त्यांच्यातली शाळा सुटलेली नव्हती. आणि मास्तरांचं नशीब असं की या मोठ्या बाईच त्यांच्या विहीणबाई झाल्या. मास्तरांची एकुलती एक लेक बाईंच्या एकुलत्या एका मुलाला दिलेली. मुलगा सोन्यासारखा. भांडण झालं ते लग्नाच्या जेवणात.

त्याचं असं झालं. जेवणाआधीची प्रार्थना मुलीच्या वडिलांनी करायची असं ठरलं होतं. मास्तरांची बायको लग्नाच्या चार वर्षं आधी गेलेली. त्यामुळे आईबाप दोघांच्या वतीनं काय ते एकट्यानंच बोलायचं होतं. तीन आठवडे मास्तर ती प्रार्थना मनात घोळवत होते. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. जलप्रलयापर्यंत यायला चार मिनिटं लागली. मग दोन्हीकडचे आजोबा-पणजोबा झाले, स्वयंपाकी झाले, हॉलचा विजेचा माणूस झाला, राज्यकर्त्यांना सुबुद्धी झाली. अकराव्या मिनिटाला मास्तर श्वास घ्यायला म्हणून जरा थांबले, आणि त्या फटीत मोठ्या बाई म्हणाल्या, "आमेन!"

सहाशे मुलींचा गलका ज्या आवाजात थांबायचा, त्या आवाजात म्हणाल्या. दोनशे पाहुणे एका सुरात "आमेन" म्हणून मोकळे झाले, खुर्च्या सरकल्या, झाकणं उघडली. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात अजून वरच होता आणि लोक त्या हाताखालून ताटं घेऊन चालले होते.

त्या दिवसापासून मास्तरांनी विहीणबाईंवर दात धरला. दोन वर्षं झाली, एक शब्द नाही. चर्चमध्ये त्या उजवीकडे बसल्या तर हे डावीकडे. उपासनेत एका ठिकाणी सगळ्यांनी एकमेकांना हात देऊन 'शांती असो' म्हणायचं असतं. विहीणबाई जवळ आल्या की मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकायचे. चपला घालून आलेले असले तरी वाकायचे.

आता या दोघांत एक सहा महिन्यांची नात आली होती. दर बुधवारी लेक तिला तासभर दुकानात आणायची. तेवढ्या तासात मास्तर यंत्र बंद ठेवायचे, हात तीनदा धुवायचे आणि पोरीचं बोळकं बघून म्हणायचे, "सगळ्यात सुंदर हिरड्या. यांना हात लावायची माझी हिंमत नाही." तिचा बाप्तिस्मा येत्या रविवारी ठरला होता. आणि लेकीनं अट घातली होती.

"पाण्याजवळ बाळाला तुम्ही दोघांनी धरायचं," ती म्हणाली होती. "एका बाजूनं आई, म्हणजे तुमच्या विहीणबाई, एका बाजूनं तुम्ही. पण आधी एकमेकांशी बोलायचं. मुक्यानं धरणार असाल तर माझं मी धरीन."

नातीला पाण्याजवळ धरायचं यापलीकडे मास्तरांना या वयात देवाकडे काही मागायचं उरलं नव्हतं. पण पहिला शब्द बोलायचा कुणी? आपण बोलायचा, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. दुसऱ्याला माफ करायला ते एका पायावर तयार होते. फक्त त्यानं आधी येऊन माफी मागायला हवी होती.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आईंची वरची कवळी गेली."

"गेली म्हणजे?"

"खाली फाटकात कुणीतरी टेम्पो आडवा लावला होता. आई खिडकीतून त्याला रागावत होत्या. तिसऱ्या मजल्यावरून. रागावता रागावता कवळी सुटली."

"मग?"

"टेम्पोवाला घाबरून लगेच निघाला ना. तिच्यावरूनच."

मास्तरांनी फोन छातीशी धरला आणि पोटभर हसून घेतलं. मग गंभीर आवाजात विचारलं, "मग आता?"

"रविवारी बाप्तिस्म्याच्या आधी वाचन आईंचं आहे. प्रीतीवरचा तो अध्याय. त्या म्हणतात, दात नसतील तर मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. बाबा, तुम्ही करून द्याल?"

मास्तरांच्या डोक्यात तेव्हा जो प्रकाश पडला, तो त्यांना थेट वरून आल्यासारखा वाटला. करून द्यायची. आणि फुकट करून द्यायची! एक पैसा घ्यायचा नाही. म्हणजे इथून पुढे विहीणबाई जो जो घास चावतील, तो तो मास्तरांच्या उपकारावर चावतील. याला म्हणतात शत्रूवर प्रेम! स्वतःच्या मनाचा हा मोठेपणा बघून मास्तरांना गहिवरून आलं.

"करतो," ते म्हणाले. "प्रेमाखातर करतो. सांग त्यांना, प्रेमाखातर."

"बरं, मग मापाला त्यांना कधी पाठवू?"

इथं गाडी अडली. माप घ्यायचं म्हणजे विहीणबाई समोर खुर्चीत बसणार. त्यांना "आ करा" म्हणावं लागणार. दोन वर्षांच्या अबोल्यानंतरचा पहिला शब्द आपण उच्चारायचा, आणि तो "आ"?

"गरज नाही," मास्तर म्हणाले. "आठ वर्षांपूर्वीचा साचा आहे माझ्याकडे."

"पण बाबा, तुम्हीच म्हणता ना, हिरडी झिजते..."

"त्या काही झिजणाऱ्यातल्या नाहीत," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला. माप नाही, ट्रायल नाही. भिंतीकडे तोंड केलेला साचा काढला, धूळ झटकली आणि कामाला लागले. दात निवडले ते सगळ्यात पांढरे, सगळ्यात मोठे, ओळीनं उभे केलेले. बाईंचे जुने दात थोडे पिवळसर आणि समोरचा एक जरासा तिरका होता, चेहऱ्याला शोभेलसा. मास्तरांनी त्याला सरळ केलं. पॉलिश तर असं केलं की दिवा लावायची गरज पडू नये. शनिवारी जावयाच्या हाती डबी पाठवली, वर फीत बांधून.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण चर्चमध्ये एक पद्धत होती. वेदीवर जी फुलं असायची, ती ज्यांनी दिली असतील त्यांचं नाव सूचनांच्या वेळी वाचून दाखवायचे. मास्तरांनी विचार केला, फुलं दोन दिवसांत माना टाकतात तर त्यांचं नाव घेतात. त्यांनी एक चिठ्ठी लिहून पाळकसाहेबांच्या कागदांत सरकवली. पाळकसाहेब साधा माणूस. समोर येईल ते वाचायचे.

रविवारी चर्च भरलेलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा सावरून सूचना वाचल्या. "आजची फुलं डॉक्टरीणबाईंच्या कुटुंबाकडून. आजचे दात कवळीमास्तरांकडून, प्रेमाखातर, विनामूल्य."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग ऑर्गनच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू बाकांवरून मागच्या दारापर्यंत गेलं. पाळकसाहेबांनी कागद उलटून पाहिला, पाठीमागे काही खुलासा आहे का म्हणून. मोठ्या बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मागून फक्त त्यांचे कान दिसत होते, आणि ते लालबुंद झाले होते. मास्तरांनी छाती थोडी पुढे काढली. शेजारी लेक बाळाला घेऊन बसली होती. ती बापाकडे अशा नजरेनं बघत होती की शहाणा माणूस तिथंच समजला असता. पण मास्तर त्या दिवशी शहाण्यांत नव्हते.

मोठ्या बाई उठल्या, वाचनाच्या मेजाशी गेल्या. मेजाच्या शेजारीच बाप्तिस्म्याचं संगमरवरी पात्र होतं, काठोकाठ भरलेलं. बाईंनी पुस्तक उघडलं आणि वाचायला तोंड उघडलं.

"टक्," असा आवाज आला.

आधी लोकांना वाटलं, माइकमध्ये काही आहे. पण दर वाक्याला टक्, दर स्वल्पविरामाला टक्टक्. कवळी वर चिकटायला तयार नव्हती. आठ वर्षांपूर्वीच्या हिरडीसाठी केलेली ती, आजच्या हिरडीशी तिची ओळखच नव्हती. बाईंनी जिभेनं रेटून धरली तर शब्द बोबडे यायला लागले. प्रीती नसेल तर माणसाचं सगळं करणं म्हणजे झांजांचा नुसता खणखणाट, अशा अर्थाचं वाक्य आलं तेव्हा तर त्या वाक्याला साथच मिळाली. पोरं बोटांवर टक्टक् मोजायला लागली. दुसरं कुणी असतं तर आवाज लहान केला असता, पुटपुटून उरकलं असतं. पण मोठ्या बाईंनी जन्मात कधी पुटपुटलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि 'प्रीती' हा शब्द चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत फेकला.

शब्दाबरोबर दातही गेले. चांगले हातभर उडाले आणि पात्रात पडले. "डुबुक!"

चर्चमध्ये असा हशा याआधी कधी पिकला नव्हता. ऑर्गनवाल्यांचं डोकं पट्ट्यांवर पडलं आणि ऑर्गन भोंग्यासारखा ओरडला. पाळकसाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी झग्याची बाही कोपरापर्यंत वर सारली, पात्रात हात घातला आणि तळाशी चाचपायला लागले. पाणी खोल होतं. मोठ्या बाईंनी तोंडावर हात धरला होता. त्या हळूच मेजामागून बाहेर आल्या आणि मधल्या वाटेनं, ताठ मानेनं, दारापर्यंत चालत गेल्या. मास्तरांच्या बाकाजवळून जाताना त्यांचे डोळे मास्तरांना दिसले. त्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

लेक बाळाला खांद्यावर टाकून उभी राहिली.

"बाबा, आज नको," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण हसणारे गप्प झालेच होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "आपल्याकडे प्रीती फक्त वाचायला आहे. हिला मी यात कुठं आणू?" आणि ती सासूच्या मागे निघून गेली. जावई तिच्या मागे.

पाळकसाहेबांना कवळी एकदाची सापडली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिली आणि वर जाऊन म्हणाले, "प्रीती हाच आपल्या सगळ्या सेवेचा पाया, यावर माझा दहा पानांचा उपदेश तयार होता. पण मंडळी, तो आज इथं झालाय. आपण शेवटचं गीत गाऊ."

घरी येऊन मास्तरांनी ओला रुमाल मेजावर ठेवला आणि कवळी भिंगाखाली धरली. दातांत कुठं खोट नव्हती. चीर नव्हती, खरखर नव्हती. तीस वर्षांतलं सगळ्यात देखणं काम होतं ते, आणि ते कुणाच्याही तोंडात बसणारं नव्हतं. मास्तरांना स्वतःची अशी लाज वाटली की साच्यांच्या फळीकडे बघवेना. एवढी तोंडं उघडी होती, पण एकही त्यांच्या बाजूनं बोललं नसतं. दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी तीन जणांचे फोन आले. आपापल्या कवळीची काळजी वाटत होती म्हणून.

सोमवारी सकाळी मास्तरांनी मापाचा ट्रे, लगद्याची पूड, वाटी आणि पट्टी पिशवीत घातली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या घराचे तीन जिने चढले. लेक आणि जावई बाळाला लस टोचायला दवाखान्यात गेले होते. दार उघडलं ते विहीणबाईंनीच. एका हातानं तोंडावर पदर धरलेला. दुसऱ्या हातात वही आणि लाल पेन. दातांशिवाय बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्यांनी वहीत लिहून मास्तरांसमोर धरलं: 'काय?'

"माप घ्यायला आलोय," मास्तर म्हणाले.

बाईंनी लिहिलं: 'गरज नाही असं ऐकलं होतं.'

"चुकीचं ऐकलंत. म्हणजे... बरोबर ऐकलंत. मीच चुकीचं बोललो होतो."

बाईंनी या वाक्यापुरती वहीत लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि दार पूर्ण उघडलं.

खिडकीजवळ खुर्ची होती, उजेड चांगला होता. मास्तरांनी वाटीत पूड आणि पाणी घालून गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला. मग ते बाईंसमोर उभे राहिले. तीन जिने चढून लागली नव्हती तेवढी धाप आता लागली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आ करा."

 बाईंनी पदर सोडला आणि तोंड उघडलं. हिरडी झिजली होती, चांगलीच झिजली होती. हे कळायला खरं तर भिंगही लागलं नसतं. मास्तरांनी ट्रे बसवला, बोटांनी दाबून धरला.

"चार मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

विहीणबाईंचा हात वहीकडे गेला. मास्तरांनी वही कोपरानं लांब सरकवली. "लिहायचंही नाही. लिहिताना जबडा हलतो."

 मास्तरांची दोन बोटं विहीणबाईंच्या तोंडात, आणि बाईंचे डोळे वर मास्तरांच्या चेहऱ्यावर. असं किती वेळ गप्प राहणार?

"मापाला बोलावलं नाही, कारण मला हे 'आ करा' म्हणायचं नव्हतं," मास्तर म्हणाले. "आणि फुकट केली ती तुमच्यासाठी नाही केली. तुमच्या प्रत्येक घासात मी अडकावा म्हणून केली. ती चिठ्ठीही मीच लिहिली. लोकांना सांगत फिरतो की आधी हिरडी बघा, ती पाया आहे, आणि स्वतः भिंतीवरच्या प्लास्टरला दात बसवले. तुम्हाला मी बघितलंच नाही. चूक झाली माझी. माफ करा."

विहीणबाईंच्या घशातून "अं" असा आवाज आला.

"बोलू नका, माप बिघडेल. अजून अडीच मिनिटं आहेत."  मास्तरांचा आवाज उतरला. "लग्नातली ती प्रार्थना लांबली, मला कळत होतं. पण मी तिला शेवटी ठेवलं होतं हो. पोरीच्या आईला. सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी तिचं नाव घ्यायचं, पोरगी आज तिच्याही वतीनं देतोय असं म्हणायचं, असं तीन आठवडे ठरवलं होतं. आधी घेतलं असतं तर मला पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून शेवटी ठेवलं. आणि ते राहिलं. त्याचं दुःख होतं मला, आणि राग मी तुमच्यावर काढला. दोन वर्षं नाड्या बांधत बसलो."

विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरून मास्तरांच्या मनगटावर उतरलं. मास्तरांना ते पुसता येईना, बोटं अडकलेली. त्यांचंही नाक वाहायला लागलं, आणि तेही पुसता येईना. उरलेली दोन मिनिटं दोघं तशीच, एकमेकांकडे बघत, भिजत राहिली.

चार मिनिटं झाल्यावर मास्तरांनी ट्रे ओढला. "पॉक्" असा आवाज झाला. बाईंनी तोंड पुसलं, वही ओढली, पेन उचललं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पदर न धरता बोलल्या. दातांशिवायचं बोलणं जसं फुसफुसत येतं तसं ते आलं.

"व्याही, मला भूक लागली होती."

"काय?"

"लग्नात. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तुम्ही थांबलात, मला वाटलं संपलं. खरं सांगते, वाटलं असंही नाही. मला हवं होतं संपायला. एवढंच होतं त्यात, बाकी काही नाही. डोळे उघडल्यावर तुमचा वर राहिलेला हात दिसला आणि कळलं, माझं चुकलं. तिचं नाव राहिलं होतं हे मला आज कळतंय." त्यांनी डोळे पुसले. "तीस वर्षं मी मुलींकडून माफीपत्रं लिहून घेतली. हजारभर असतील. स्वतः एक लिहायला बसले तर मायनाच सुचेना. आणि तुम्ही आपले नेहमी खाली वाकलेले. सांगणार कुणाला?"

 दोन वर्षं मास्तरांनी त्या एका 'आमेन'मागे काय काय शोधलं होतं! गर्व, तिरस्कार, खानदानाचा तोरा, त्यांच्या धंद्याची हेटाळणी. आणि निघालं काय, तर भूक. त्यांना हसू आलं. आधी दाबलं, मग दाबवेना. बाई पाच सेकंद हेडबाईंसारख्या बघत राहिल्या आणि मग त्याही हसल्या, वरचं बोळकं उघडं टाकून.

"आणि आता?" मास्तरांनी हसता हसता विचारलं. "आता खाल्लंय का काही?"

"कशानं खाऊ? टेम्पोवाला गेल्यापासून पातळच चाललंय. कालपासून तर नुसतं दूध. भूक तर अशी लागली आहे की..."

मास्तर उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. टोपलीत बटाटे होते. त्यांनी तीन उकडत ठेवले, गरम असतानाच सोलले, लोणी आणि मीठ घालून चमच्याच्या पाठीनं घोटायला लागले. एकही गाठ राहू द्यायची नाही, मधून मधून थोडं दूध घालायचं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बायकोच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी रोज हेच केलं होतं, आणि त्याची चिठ्ठी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

लेक दार ढकलून आत आली तेव्हा जावयाच्या हातात औषधाची पिशवी होती आणि बाळ टोचल्याच्या रागानं लाल झालेलं होतं. समोर बघते तर सासूबाई जेवणाच्या मेजाशी बसलेल्या, तोंडावर ना पदर ना हात, आणि शेजारी आपला बाप वाटी घेऊन उभा.

"मीठ कमी आहे," सासूबाई म्हणत होत्या.

"तुमच्या वयाला एवढं पुरे," मास्तर म्हणत होते.

"माझं वय तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिरडीनं सांगितलं."

 बाळानं रडणं थांबवलं आणि आजीच्या उघड्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. आपल्यासारखं दुसरं कुणीतरी या घरात आहे, हे त्याला पहिल्यांदाच समजलं असावं. ते खुदकन हसलं, आणि आजी हसली, आणि दोघींच्या वरच्या हिरड्या उजेडात आल्या. मास्तरांनी चमच्याच्या टोकावर कणभर बटाटा घेऊन बाळाच्या ओठाला लावला.

"बाबा, तिला अजून बटाटा सुरू नाही केला," लेक म्हणाली.

"आजपासून," सासूबाई म्हणाल्या.

लेकीनं वाद घातला नाही.  "पाळकसाहेबांचा फोन आला होता. येत्या रविवारचं काय, म्हणून विचारत होते. काय सांगू?"

मास्तरांनी विहीणबाईंकडे पाहिलं. बाईंचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी एक बोट वर केलं, घास गिळला.

"सांग, बाळाला आम्ही दोघं धरणार. आणि राहिलेलं वाचन मी करणार."

"दात होणार नाहीत हं रविवारपर्यंत," मास्तर घाईनं म्हणाले. "आज माप झालंय. मग मेण, मग ट्रायल. तो तिरका दात परत बसवायचाय. दोन ट्रायल लागतील, कदाचित तीन. मी घाई करणार नाही."

"करू नका," विहीणबाई म्हणाल्या. "असंच वाचीन."

"असंच? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांनी बघितलंय काल. आता लपवायचं काय राहिलंय?"

लेकीनं पुढे येऊन बाळाला बापाच्या हातात दिलं. मास्तरांनी नातीला कडेवर घेतलं, आणि मोकळ्या हातानं विहीणबाईंच्या वाटीत आणखी थोडं वाढलं.